उच्चदाब वाहिनी आणि शासनाची पूर्वमान्यता

मुलुंड, घाटकोपरकडे वीजवाहिनीच्या मनोऱ्याचा पाया खणला जाऊ लागला की रहिवासी विचारतात, परवानगी कोणाची? विद्युत अधिनियम, 2003 मधील कलम 68 अन्वये उपरी वाहिनीस समुचित शासनाची पूर्वमान्यता लागते. एकाच ग्राहकासाठी असलेली 11 किलोव्होल्टपर्यंतची वाहिनी आणि स्वतःच्या आवारातील वाहिनी यांस मात्र ती लागत नाही.

या मान्यतेनेच खाजगी जमिनीत शिरता येते, हा समज चुकीचा आहे. तो कागदोपत्रीही वारंवार आढळतो. कलम 164 खाली शासन 1885 च्या भारतीय तार अधिनियमातील अधिकार स्वतंत्र आदेशाने देऊ शकते. त्यानंतरही जमिनीची मालकी धारकाचीच राहते आणि झालेल्या नुकसानीची पूर्ण भरपाई द्यावी लागते. रक्कम अपुरी वाटल्यास जिल्हा न्यायाधीशांकडे दाद मागता येते.

12 ऑक्टोबर 2020 रोजी मुंबईचा वीजपुरवठा खंडित होऊन उपनगरी गाड्या जागीच थांबल्या. शहराबाहेरून वीज आणणाऱ्या वाहिन्यांची निकड तेव्हा सर्वांस पटली. खारघर-विक्रोळी 400 किलोव्होल्ट वाहिनी 2023 मध्ये कार्यान्वित झाली. खाडीकाठी आणखी एक पायरी असते : मुंबई उच्च न्यायालयाच्या 17 सप्टेंबर 2018 च्या निकालानुसार, सार्वजनिक हिताच्या कामासाठीही कांदळवन तोडावयाचे झाल्यास न्यायालयाची अनुमती घ्यावी लागते.