रक्तातील साखर उतरते तेव्हा हृदयाचे काय होते?

पावसाळ्यात भंडारा जिल्ह्यातील बांध्यांमध्ये रोवणी सुरू झाली की मजूर स्त्री-पुरुष सकाळीच चिखलात उतरतात. मधुमेहाची गोळी घरून घेतलेली असते. शिदोरी मात्र उशिरा सुटते. त्यात एकादशी किंवा श्रावणी सोमवार आला म्हणजे तीही नाही. अशा वेळी घाम फुटणे, हात थरथरणे, छातीत धडधडणे ही लक्षणे थकव्याची वा उपासाची समजली जातात. वास्तविक ती रक्तातील साखर उतरल्याची असू शकतात. आणि त्या अवस्थेत धोका केवळ भोवळीचा नसून हृदयाचाही असतो.

कर्करोग, मधुमेह, हृदयरोग व पक्षाघात यांच्या नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० मध्ये सुरू झाला, तेव्हा राज्यातील पहिल्या काही जिल्ह्यांत भंडाऱ्याचा समावेश होता. औषध गावाजवळ आले. त्याच्या वापराचे ज्ञानही तितकेच जवळ यावयास हवे.

सर्वच गोळ्या सारख्या नाहीत. मेटफॉर्मिन एकटे घेतल्यास साखर फार उतरण्याचा संभव अल्प असतो. ग्लायबेनक्लामाइड, ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड या सल्फोनिलयुरिया वर्गातील गोळ्या मात्र स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडावयास लावतात, मग रुग्ण जेवलेला असो वा नसो. स्वादुपिंडाच्या पेशींवरील पोटॅशियमची सूक्ष्म द्वारे बंद करून त्या हे कार्य साधतात. तशीच द्वारे हृदयाच्या पेशींवरही असतात. प्राणवायू कमी पडल्यास ती उघडून हृदयाचे रक्षण करतात. ग्लायबेनक्लामाइड तीही बंद करू शकते. ग्लिक्लाझाइडचा हृदयावरील द्वारांशी संबंध फारच कमी येतो.

साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की शरीर अॅड्रिनॅलिन सोडते. हृदयाची गती व त्यावरील भार वाढतो, रक्तातील पोटॅशियम घटते, आणि प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाला विद्युत्दृष्ट्या पूर्ववत होण्यास अधिक वेळ लागतो. आधीच दुबळ्या हृदयाची लय येथे बिघडू शकते. रक्तदाबासाठी बीटा-रोधक गोळी घेणाऱ्यास धडधड व थरथर जाणवतही नाही. घाम तेवढा फुटतो.

या गोळ्यांबद्दलचा संशय जुना आहे. १९७० मध्ये अमेरिकेतील एका दीर्घ अभ्यासात याच वर्गातील टोल्ब्युटामाइड घेणाऱ्यांत हृदयविकाराचे मृत्यू अधिक आढळले व मोठा वाद माजला. उलट २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅरोलिना या सुमारे ६,००० रुग्णांच्या अभ्यासात ग्लिमेपिराइडमुळे हृदयविकार लिनाग्लिप्टिनपेक्षा वाढल्याचे दिसले नाही. साखर उतरण्याचे प्रसंग मात्र कितीतरी अधिक घडले. तेव्हा भिऊन गोळी स्वतःच बंद करणे हा उपाय नव्हे. उपासाचा वा रोवणीचा हंगाम येण्यापूर्वी आरोग्य केंद्रात मात्रेविषयी विचारावे. वृद्धांनी व मूत्रपिंडाचे दुखणे असलेल्यांनी तर अवश्य विचारावे, कारण त्यांच्या शरीरात औषध अधिक काळ रेंगाळते.

लक्षणे दिसताच तीन-चार चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी, पंधरा मिनिटांत आराम न पडल्यास पुन्हा द्यावी व नंतर जेवू घालावे. शुद्ध हरपली असल्यास तोंडात काहीही घालू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. सल्फोनिलयुरियाने उतरलेली साखर एकदा वर येऊनही काही तासांनी पुन्हा उतरू शकते. म्हणून रुग्ण उठून बसला तरी त्याला पुन्हा बांधीत पाठवू नये. गोळ्यांच्या पाकिटासह दवाखान्यात न्यावे.