शनिवारची घाई आणि लेकीची वेणी

ताई-मावशींनो, आपल्या शिंगणापुरात शनिवार म्हणजे काय असतं ते मी तुम्हाला सांगायला नको. पहाटेच पूजेची ताटं, रुईच्या माळा, तेलाच्या बाटल्या मांडून बसायचं. त्यात शनी अमावस्या आली तर रात्रीची झोपसुद्धा नाही. आणि नेमकी त्याच दिवशी पोरींची शाळा सकाळची! मग आई दुकानावर आणि पोरगी तशाच झिपऱ्या घेऊन शाळेत. नाहीतर जाता जाता तिच्या हातावर दहा रुपये टेकवायचे, "घे एखादं रबर अन् बांध केस." कांदा काढणीत घोडेगाव-सोनईकडच्या ताईंचं हेच होतं, फक्त तिथं रोजच शनिवार असतो.

म्हणून या वेळच्या काटकसरीच्या पाठात लेकीचे केस घेतलेत.

आधी ते दहा रुपये बघू. आठवड्याला एकदा दहा रुपयांची रबरं-क्लिपा घेतल्या तर वर्षाचे 520 होतात. दोन मुली असतील तर 1,040. गटात महिन्याला 100 रुपये बचत करणाऱ्या ताईची ही दहा महिन्यांची बचत झाली. ती रबरं आठ दिवसांत तुटतात, हरवतात, नाहीतर मैत्रिणीला दिली जातात. मी मुलींची हौस मोडा म्हणत नाही. जत्रेतून एक चांगली क्लिप जरूर आणा. पण रोजचं बांधणं घरच्या चिंधीतून होतं.

फाटलेल्या सुती साडीचा काठ बोटाच्या दोन पेरांएवढा रुंद आणि हातभर लांब कापा, कडा दुमडून धावदोरा घाला, झाली रिबीन. शाळेत लाल रिबीन लागत असेल तर लाल काठाची साडी शोधा, शेजारणीकडे निघतेच. रबरासाठी जुना टीशर्ट किंवा लेगिंग घ्या. लेगिंगच्या पायाचा आडवा, बोटभर रुंदीचा पट्टा कापला की शिवायचीही गरज नाही, आपोआप गोल, ताणणारं रबर मिळतं. सामानाच्या पुडीला येतं ते पिवळं रबर मात्र केसाला लावू नका. काढताना दहा केस सोबत घेऊन निघतं.

शाम्पूचं असं करा. पुडी सरळ डोक्यावर ओतू नका. तांब्याभर पाण्यात अर्धी पुडी ढवळा आणि ते पाणी केसांच्या मुळाशी चोळा. एका पुडीत दोघी बहिणींची डोकी होतात.

आता वेणी. शनिवारची वेणी शुक्रवारी रात्रीच घालायची. केस पूर्ण वाळलेले हवेत, ओल्या केसांची वेणी घातली की वास येतो आणि केस तुटतात. गुंता खालच्या टोकाकडून सोडवत वर या. वरून फणी ओढली की पोरगी रडते, मग दुसऱ्या दिवशी जवळ येत नाही. मधोमध भांग पाडून दोन भाग करा. एका बाजूला कपाळाजवळून तीन बारीक बटा घेऊन विणायला सुरुवात करा आणि प्रत्येक पेडात बाजूचे थोडे थोडे केस घेत कानामागे या. तिथून खाली साधी तिपेडी वेणी. शेंडा बांधून वेणी वर दुमडा आणि कानामागे रिबिनीने बांधा. दुसरीकडे तसंच. झोपताना डोक्याला जुनी सुती ओढणी सैल गुंडाळा. सकाळी ओला हात फिरवला आणि रिबीन नीट केली की पोरगी तयार. हे काम बाबांनाही जमतं बरं का! पूजेचा हार गुंफणाऱ्या हातांना तीन पेडाचं काय अवघड?

वेणी घट्ट असावी, पण कपाळाची कातडी ओढली जाईल इतकी नाही. रोज तसं ओढत राहिलं तर कपाळाजवळचे केस विरळ होतात. डोकं दुखतं म्हणाली तर तिला गप्प बसवू नका, वेणी सैल करा. तीन-चार वर्षांच्या लेकीला एवढं काही नको, दोन शेंड्या पुरतात.

बांधलेल्या वेणीचा आणखी एक फायदा म्हणजे उवा कमी लागतात. ऊ उडत नाही, उडी मारत नाही. डोक्याला डोकं लागलं की चालत जाते. मोकळे केस म्हणजे तिला पूलच. आणि उवा घाणीमुळेच होतात हा समज सोडा, धुतलेल्या डोक्यातही होतात. त्यावरून पोरीला वर्गात वेगळं बसवलं तर शाळेत जाऊन बोला. लाजेनं तिला घरी ठेवू नका.

या पाठात सगळ्यात महत्त्वाचं आता सांगते. उवांसाठी पिकावर फवारायचं औषध डोक्याला लावू नका. थोडंसंसुद्धा नाही. ते डोक्याच्या कातडीतून अंगात जातं आणि त्यानं लेकरू दगावू शकतं. रॉकेलही नको, कातडी भाजते आणि चुलीजवळ भडका उडतो. कुणी चुकून औषध लावलंच असेल तर कपडे काढून साबणानं आणि भरपूर पाण्यानं डोकं-अंग धुवा, 108 ला फोन करा आणि औषधाची बाटली दवाखान्यात सोबत न्या.

योग्य उपाय स्वस्त आहे. केस ओले करून किंवा तेल लावून बारीक दातांच्या फणीनं बट-बट विंचरायची, प्रत्येक वेळी फणी पांढऱ्या फडक्यावर पुसायची. हे दर तीन-चार दिवसांनी, दोन आठवडे. मध्येच सोडायचं नाही, कारण लिखा साधारण सात ते दहा दिवसांत फुटतात आणि पुन्हा उवा होतात. त्यानंही भागलं नाही तर आरोग्य केंद्रात विचारा. 1 टक्का पर्मेथ्रिनचं लोशन मिळतं, तेही आठवड्याभरानं पुन्हा लावावं लागतं. घरातल्या सगळ्यांची डोकी एकाच दिवशी तपासा, आजीचंसुद्धा.

आणि गुंता कधीच साठू देऊ नका. केस फार दिवस विंचरले नाहीत की त्यांची गाठ होते, गाठीची जट होते. मग कुणीतरी म्हणतं, देवीची आहे, हात लावू नका. पुण्याच्या नंदिनी जाधव यांचा स्वतःचा ब्युटी पार्लरचा व्यवसाय होता. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कामातून त्यांनी 200 हून जास्त बायकांच्या जटा काढल्या आहेत. जटेच्या ओझ्यानं मान दुखते, झोप लागत नाही, आत उवा होतात, आणि बाई भीतीपोटी गप्प सोसत राहते. तुमच्या गावात एखाद्या मुलीच्या केसात अशी गाठ दिसली तर तिच्या आईशी शांतपणे बोला आणि मला कळवा, आपण दोघी मिळून जाऊ.

पुढच्या ग्रामसंघ बैठकीला येताना एक जुना काठ, कात्री आणि सुईदोरा आणा. जमलं तर लेकीलाही घेऊन या, वेणी तिच्याच डोक्यावर शिकू. बैठक शनिवारी ठेवलेली नाही, काळजी करू नका.