मत ही साक्ष आहे

निवडणूक जवळ आली की मशिदीच्या ओट्यावर आणि घराघरांत एक वाक्य हमखास ऐकू येते : "सगळे एकाच माळेचे मणी, मत द्यायचे तरी कोणाला?" असे म्हणणारा माणूस बेफिकीर असतोच असे नाही. अयोग्य माणसाला मत दिले तर त्याच्या पापात आपणही भागीदार होऊ, अशी धास्ती त्याच्या मनात असते. ही धास्ती ईमानातूनच येते. परंतु तिच्यापोटी घरी बसून राहणे कितपत योग्य, हे शरीअतच्या कसोटीवर तपासावे लागेल.

मुफ्ती मुहम्मद शफी (र.) यांनी मताचे शरई स्वरूप तीन शब्दांत सांगितले आहे : शहादत, शफाअत आणि वकालत. मतदार हा उमेदवाराच्या लायकीची साक्ष देतो, त्याची शिफारस करतो आणि त्याला आपला प्रतिनिधी नेमतो. चांगल्या शिफारशीत वाटा आणि वाईट शिफारशीचा भार, हा नियम सूरह अन्-निसाच्या ८५ व्या आयतीत आला आहे. साक्ष लपविणाऱ्याचे हृदय गुन्हेगार ठरते, असे सूरह अल्-बकराच्या २८३ व्या आयतीत बजावले आहे. ती आयत देवघेवीच्या व्यवहारासंबंधी आहे खरी, पण विद्वानांनी तिचा आदेश तेवढ्यापुरता मर्यादित मानलेला नाही.

मग प्रश्न उरतो तो असा, की उमेदवारच सदोष असेल तर खरी साक्ष द्यायची कशी? येथे साक्षीचा अर्थ नीट ध्यानात घेतला पाहिजे. साक्षीदाराला जेवढे विचारले जाते, तेवढ्याचेच उत्तर तो देतो. मतदाराला कोणाच्या तकव्याचे प्रमाणपत्र द्यायचे नसते. समोर असलेल्यांपैकी या कामासाठी अधिक योग्य कोण, एवढेच त्याला विचारलेले असते.

योग्यतेचे माप सूरह अल्-कससच्या २६ व्या आयतीत मिळते. हजरत मूसा (अ.) यांना कामावर ठेवावे असे सुचविताना त्या मुलीने दोन गुण सांगितले : सामर्थ्य आणि विश्वासूपणा. हे दोन्ही गुण एकाच माणसात क्वचितच आढळतात. इमाम अहमद बिन हंबल (र.) यांना एकदा दोन सेनापतींविषयी विचारण्यात आले. एक बलवान पण दुराचारी, दुसरा सदाचारी पण दुबळा. युद्धाला कोणाबरोबर जावे? त्यांनी बलवानाची निवड केली. त्याचे बळ सर्वांच्या उपयोगी पडते आणि दुराचार त्याच्यापुरता राहतो, तर दुसऱ्याचा सदाचार त्याच्यापुरता राहतो आणि दुबळेपणा सर्वांना भोगावा लागतो, असे त्यांचे म्हणणे होते. हा प्रसंग नमूद करणारे इब्न तैमिया (र.) पुढे स्पष्ट करतात की, जेथे काम संपत्ती सांभाळण्याचे असेल तेथे मात्र विश्वासू माणसाला प्राधान्य द्यावे.

माझ्या मते सारी मेख येथेच आहे. उमेदवाराचा कोणता दोष त्याच्यापुरता राहतो आणि कोणता लोकांवर येऊन आदळतो, हे वेगळे काढता आले पाहिजे. एखाद्याच्या खासगी उणिवांचा हिशेब अल्लाहकडे आहे. परंतु जो सार्वजनिक पैसा खातो, दुर्बलांवर जुलूम करतो किंवा शेजाऱ्या-शेजाऱ्यांत द्वेष पेरतो, त्याचे 'बळ' हीच लोकांवरची आपत्ती असते. इमाम अहमद यांच्या उत्तराचा आधार त्याला मुळीच घेता येणार नाही. असा माणूस आपल्या समाजाचा, आपल्या नात्याचा असला तरीही! न्यायाची साक्ष स्वतःविरुद्ध आणि नातलगांविरुद्ध जात असली तरी द्यावी, असा आदेश सूरह अन्-निसाच्या १३५ व्या आयतीत आहे.

दोन हानींपैकी एक अटळ असेल तर हलकी हानी पत्करावी, हा फिकहचा मान्य नियम आहे. २०१३ पासून मतदान यंत्रावर 'नोटा'चा पर्याय आहे. कोणाच्याही बाजूने साक्ष देणे खरोखरच अशक्य झाले, तर तो खुला आहे. मात्र लोकसभा-विधानसभेच्या निवडणुकीत नोटाला कितीही मते पडली तरी उरलेल्या उमेदवारांत सर्वाधिक मते मिळविणाराच निवडून येतो. म्हणून मोठी हानी रोखणे शक्य असताना केवळ नापसंती नोंदवून मोकळे व्हावे का, याचा विचार आधी करावा.

माहिती न घेता दिलेली साक्ष ही साक्ष नव्हेच. प्रत्येक उमेदवाराला आपल्यावरील गुन्हे, मालमत्ता आणि शिक्षण यांचे शपथपत्र अर्जासोबत द्यावे लागते आणि ते निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर पाहता येते. पाकीट घेऊन दिलेल्या मताविषयी तर बोलायलाच नको. लाच देणारा आणि घेणारा, दोघांचाही प्रेषित मुहम्मद (स.) यांनी धिक्कार केला आहे.

आणखी एक गोष्ट. अनेक घरांत स्त्रियांचे मत घरातील कर्ता पुरुष ठरवितो. अकबाच्या दुसऱ्या बैअतमध्ये मदीनेच्या पुरुषांबरोबर दोन स्त्रियाही होत्या आणि त्यांनी आपला शब्द स्वतः दिला होता. कर्त्या पुरुषाने सल्ला जरूर द्यावा, पण साक्ष ज्याची त्याची असते. त्याने त्याआधी मतदार यादी उघडून पाहावी. १८ वर्षे पूर्ण झालेल्या मुलींची नावे तीत अनेकदा आलेलीच नसतात आणि सुनांची नावे माहेरच्या यादीतच राहून गेलेली असतात.