शेतकऱ्यांची शाळा

जालना शहराजवळ खरपुडी नावाचे गाव आहे. तेथे एक निराळी शाळा आहे. येथे मुले शिकत नाहीत, शेतकरी शिकतात. तिचे नाव कृषी विज्ञान केंद्र.

असे पहिले केंद्र 1974 साली पुदुच्चेरीला निघाले. आता देशात बहुतेक सर्व जिल्ह्यांत अशी केंद्रे आहेत. खरपुडीचे केंद्र मराठवाडा शेती साहाय्य मंडळ चालवते. विजयअण्णा बोराडे यांनी या कामासाठी फार कष्ट घेतले. याच मंडळींच्या मदतीने कडवंची गावात 1996 पासून पाणलोटाचे काम झाले. लोकांनी बांध घातले, पाणी अडवले, जमिनीत जिरवले. विहिरींना पाणी आले. आज ते गाव द्राक्षांसाठी ओळखले जाते.

आम्ही काही गावकरी मिळून हे केंद्र पाहायला गेलो. आमच्यातल्या एका दादांनी विचारले, "साहेब, मागल्या साली सोयाबीन पेरलं, पण बी उगवलंच नाही. दुसऱ्यांदा पेरावं लागलं. उसनवारी झाली. काय करावं?"

ज्याचे शेत दोनच एकर, त्याला दुबार पेरणी परवडत नाही. सोयाबीनचे साल नाजूक असते. पोते आपटले, तरी आतला कोंब दुखावतो. म्हणून पेरण्याआधी बी तपासावे. ते घरीच करता येते, खर्च काही नाही.

एक गोणपाट ओले करा. न निवडता 100 दाणे मोजून घ्या. दहा-दहाच्या ओळींत ते गोणपाटावर मांडा. वरून दुसरे ओले गोणपाट घाला. गुंडाळी करून सावलीत ठेवा. रोज थोडे पाणी शिंपडा. सहा-सात दिवसांनी उघडा आणि चांगले कोंब मोजा. 70 किंवा जास्त आले, तर बी पेरण्यास योग्य. थोडे कमी आले, तर एकरी बी वाढवा. फारच कमी आले, तर ते पेरू नका. पेरणीची घाईही करू नका. जमीन चांगली ओली झाल्यावरच तिफण धरा.

मोजता येते, म्हणूनच ही परीक्षा जमते. लिहिता येते, म्हणून निकाल वहीत राहतो.

2024 साली जगात सुमारे 67 कोटी माणसे उपाशी होती. त्यांत पुष्कळ जण स्वतः शेतात राबणारे आहेत. पिकवणाराच उपाशी, ही केवढी खेदाची गोष्ट! लहान शेतकऱ्याचे एक पीक वाचले, म्हणजे एका घराची चूल पेटती राहिली. भूक अशीच घराघरांतून हटेल.

प्रश्न
1. खरपुडीच्या शाळेत कोण शिकते?
2. 100 दाण्यांपैकी किती उगवले, तर बी चांगले?
3. तुमच्या घरचे बी तपासा. निकाल वहीत लिहा.