बाहेर गेल्याची वेळ

सोमवारी सकाळी पावणेदहाला पतसंस्थेच्या व्यवस्थापकांचा फोन आला. "साहेब, सगळ्या फायलींची नावं बदललीत. आणि काहीही उघडायला गेलं की इंग्रजीत पैसे मागणारी चिठ्ठी येतेय."

ही २०१९ची गोष्ट. संस्थेच्या सर्व्हरची एएमसी (वार्षिक देखभाल करार) माझ्याकडे होती. सांगलीहून संस्था सत्तर किलोमीटर. दर वेळी एसटीने कोण जाणार, म्हणून रिमोट डेस्कटॉप मी थेट इंटरनेटवर उघडा ठेवला होता, तोही नेहमीच्या ३३८९ पोर्टवर. युजर 'अ‍ॅडमिन'. पासवर्ड अकराही ग्राहकांकडे एकच, माझ्याकडे कामाला असलेल्या तिन्ही पोरांना पाठ.

लॉग चाळले तर शनिवारी रात्रभर चुकीच्या पासवर्डांची रांग, आणि पहाटे एक बरोबर. बॅकअपची हार्डडिस्क मी कायम लावूनच ठेवलेली, तीही गेली. रोजकीर्द रोज कागदावर छापायची संस्थेची जुनी सवय होती. तिची मी चेष्टा करायचो. त्याच कागदांवरून तीन माणसांनी अठरा दिवस बसून नोंदी पुन्हा भरल्या. खंडणी दिली नाही. पण त्या अठरा दिवसांत मला तिथे कुणी चहा विचारला नाही.

पुढे मे २०२१मध्ये अशाच खंडणीच्या हल्ल्यामुळे अमेरिकेतली कलोनियल पाइपलाइन बंद पडली. वापरात नसलेलं पण चालू राहिलेलं एक व्हीपीएन खातं, आधीच फुटलेला पासवर्ड, आणि त्यापुढे दुसरी कुठलीच तपासणी नाही. कंपनीने ७५ बिटकॉइन मोजले. एवढ्या मोठ्या कंपनीचंही माझ्यासारखंच झालं, याचं समाधान वाटलं हे कबूल करतो.

आता कुठलाच सर्व्हर थेट इंटरनेटवर नाही. आधी व्हीपीएन, आणि व्हीपीएनला पासवर्डनंतर ऑथेंटिकेटरचा सहा आकडी कोड. मल्टिफॅक्टर म्हणतात ते एवढंच. बसवायला एक दुपार लागते, खरी कटकट नंतर सुरू होते.

पहिला प्रश्न: कोड कुणाच्या फोनवर? 'अ‍ॅडमिन' एक, माणसं चार. सुरुवातीला कोड माझ्या फोनवर यायचा आणि मी तो व्हॉट्सअ‍ॅपवर पोरांना पाठवायचो. म्हणजे कुलूप नवं आणि किल्ली पुन्हा चौकटीवर. शेवटी प्रत्येकाचं वेगळं खातं केलं. एक पोरगा सोडून गेला, तेव्हा त्याचं खातं त्याच संध्याकाळी बंद करता आलं. जुन्या पद्धतीत अकरा ठिकाणचे पासवर्ड बदलावे लागले असते.

दुसरी गंमत घड्याळाची. हा कोड वेळेवरून तयार होतो, दर ३० सेकंदांनी नवा. एका ग्राहकाकडे वीज गेली की कोड चालेना. मदरबोर्डवरचा सेल संपलेला; मशीन चालू झालं की थेट २००९ सालात जायचं! सेल बदला, वेळ इंटरनेटवरून आपोआप जुळवायला लावा, मग कोडला दोष द्या.

फोनवर नुसतं 'मंजूर' दाबायची सोय मी कुणाला देत नाही. २०२२मध्ये उबरच्या एका कंत्राटदाराला अशा विनंत्या येतच राहिल्या आणि शेवटी त्याने एक मंजूर केली. रात्री दोनला झोपेत माझंही बोट तिथेच गेलं असतं. परवडत असेल तर यूएसबीची सिक्युरिटी की घ्या. फोन हरवला तर लागणारे रिकव्हरी कोड मात्र छापून, लिफाफ्यात सील करून ग्राहकाच्या तिजोरीत ठेवा. ज्यावरून लॉगिन करता त्याच लॅपटॉपवरच्या फायलीत नकोत.

आणि काम संपल्यावर खिडकीच्या फुलीवर क्लिक करून उठू नका. त्याने फक्त आपल्याला दिसायचं बंद होतं, सर्व्हरवर सेशन तसंच राहतं. साइन आउट करा, व्हीपीएन तोडा.

त्या पतसंस्थेने मला काढलं नाही. अट एकच घातली: माझं व्हीपीएन खातं एरवी बंद, मी फोन केल्यावर व्यवस्थापक ते दोन तासांसाठी चालू करतात आणि रजिस्टरात वेळ लिहितात. परवा अपडेट टाकून मी जेवायला बसलो, तर पावणेदहाला त्यांचा फोन.

"साहेब, बाहेर गेल्याची वेळ राहिलीय."