पॉलिश मशीनची प्लेट आणि पॅड : निवड कशी करावी?

मोटारी धुणे, रंगवणे आणि पॉलिश करणे हा थोड्या भांडवलावर उभा राहणारा धंदा आहे. आपले अनेक तरुण गॅरेजमध्ये उस्तादाच्या हाताखाली तो शिकतात आणि पुढे स्वतःचे दुकान टाकतात. मशीन घेताना ते चार ठिकाणी भाव काढतात. पण मशीनच्या तोंडाला लागणारी चकती, म्हणजे बॅकिंग प्लेट, आणि तिच्यावर चिकटणारे पॅड मात्र दुकानदार देईल ते घेतात. वास्तविक गाडीच्या रंगाला मशीन शिवतच नाही, शिवते ते पॅड. म्हणून या दोन वस्तूंची निवड आम्ही येथे क्रमाने सांगत आहोत.

काम किती नाजूक आहे?

हल्लीच्या बहुतेक मोटारींवर रंगाच्या वर एक पारदर्शक थर असतो. त्याला क्लिअर कोट म्हणतात. कारखान्यातून आलेल्या गाडीवर तो साधारण ४० ते ५० मायक्रॉन जाड असतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. झेरॉक्सचा साधा कागद १०० मायक्रॉनच्या आसपास असतो, म्हणजे आपल्याला त्याच्या निम्म्या जाडीत काम करायचे आहे. उन्हापासून रंगाचा बचाव हाच थर करतो, त्यामुळे त्यातला थोडाच भाग घासण्याजोगा असतो. पॉलिश करणे म्हणजे ओरखडा भरणे नव्हे, तर त्याच्या आजूबाजूचा थर घासून सपाट करणे होय. घासलेला थर परत येत नाही. तो संपला की बोनेट पुन्हा रंगवण्याची पाळी येते आणि सगळी मजुरी त्यात बुडते.

आधी मशीन ओळखा

मशीनचे मुख्य प्रकार दोन. रोटरी मशीनचे पॅड एकाच आसावर गरगर फिरते. ते लवकर कापते, पण एका जागी थांबले तर रंग तापवते. ड्युअल अ‍ॅक्शन मशीनचे पॅड फिरता फिरता डोलतेही. हा डोल ८, १५ किंवा २१ मिलिमीटरचा असतो. काम थोडे सावकाश होते, पण नवशिक्या हातासाठी हेच मशीन सुरक्षित.

काही ठिकाणी लोखंड कापण्याच्या ग्राइंडरलाच पॅड लावतात. हे कटाक्षाने टाळावे. १५० मिलिमीटरच्या पॅडची कड एका फेऱ्यात सुमारे ४७ सेंटिमीटर अंतर कापते. मिनिटाला १,५०० फेऱ्यांना तिचा वेग सेकंदाला सुमारे १२ मीटर होतो. छोटा ग्राइंडर ११,००० फेऱ्यांच्या आसपास फिरतो, म्हणजे हाच वेग ८६ मीटरवर जातो. एवढ्या वेगात रंग तर जळतोच, शिवाय पॅड सुटून माणसाला इजा होऊ शकते. प्लेटवर तिच्या वेगाची कमाल मर्यादा छापलेली असते. ती मशीनच्या वेगापेक्षा जास्त आहे ना, हे पाहूनच प्लेट घ्यावी.

प्लेट घेताना

पहिली गोष्ट आटे. मोठ्या रोटरी मशीनचे स्पिंडल बहुधा एम-१४ मापाचे असते, चार इंची ग्राइंडरचे एम-१०, तर अमेरिकन मापाचे पाच सुती. एम-१४ स्पिंडलवर पाच सुती प्लेट सैल बसते आणि आटे खाते. ड्युअल अ‍ॅक्शनची प्लेट तर वेगळ्याच पद्धतीने बसते. म्हणून कुर्ला असो की पुण्याची नाना पेठ, खरेदीला जाताना जुनी प्लेट सोबत न्यावी.

दुसरी गोष्ट माप. प्लेट नेहमी पॅडपेक्षा लहान हवी. १५० मिलिमीटरच्या पॅडला १२५ मिलिमीटरची प्लेट योग्य, म्हणजे चोहोबाजूंनी सुमारे अर्धा इंच पॅड बाहेर राहते. प्लेट पॅडएवढी असेल तर तिची कडक कड रंगाला लागून खोल ओरखडा पडतो. फार लहान असेल तर पॅडची कड लुळी पडून दाब सारखा बसत नाही. आरशाजवळ, हँडलपाशी आणि खांबांवर काम करण्यासाठी ७५ मिलिमीटरची दुसरी प्लेट ठेवावी. ड्युअल अ‍ॅक्शन मशीनमध्ये प्लेट व पॅडच्या वजनाशी तोल साधलेला असतो. त्यावर भलत्या मापाचा संच चढवला की मशीन थरथरते आणि हात भरून येतो.

तिसरी गोष्ट लवचिकपणा. बोनेट आणि छत यांसारख्या सपाट भागाला कडक प्लेट चालते. फेंडर आणि बंपरच्या गोलाईला मऊ कडेची प्लेट हवी.

पॅड कोणते?

लोकरीचे पॅड जोरात कापते. कागद मारलेल्या किंवा फार खराब झालेल्या रंगाला ते ठीक, मात्र मागे भोवऱ्यांचे जाळे सोडते. मायक्रोफायबरचे पॅड मुख्यतः ड्युअल अ‍ॅक्शनसाठी आहे. तेही चांगले कापते. फोमची पॅडे कडक, मध्यम व मऊ अशी येतात. कडक कापण्यासाठी, मध्यम पॉलिशसाठी आणि मऊ शेवटची चमक आणण्यासाठी. रंगावरून मात्र ओळखू नये, कारण एका कंपनीचे पिवळे पॅड कापणारे असते, तर दुसरीचे मऊ. बोटांनी दाबून आणि वेष्टन वाचून खात्री करावी.

नियम एकच : सर्वांत सौम्य पॅडने सुरुवात करावी. फूटभर जागेवर आधी करून पाहावे. काम झाले नाही तरच एक पायरी वर चढावे. एका पॅडवर एकच कंपाउंड वापरावे. पॅड मळले की ब्रशने झाडावे, नंतर सौम्य साबणाने धुऊन सावलीत वाळवावे. एका गाडीला एकच पॅड पुरवण्याचा हट्ट धरू नये. भरलेले पॅड कापत नाही, नुसते तापते.

उष्णतेवर लक्ष

पॅड प्लेटच्या बरोबर मधोमध बसवावे. उष्णतेने वेल्क्रोचे आकडे वितळतात. पॅड सरकू लागले की प्लेट बदलावी, चिकटपट्टीने भागवू नये. अधूनमधून पत्र्यावर हात ठेवून पाहावा. चटका बसत असेल तर थांबावे. बंपर प्लॅस्टिकचा असतो, तो पत्र्यासारखी उष्णता पसरवत नाही, म्हणून तेथे वेग आणि दाब दोन्ही कमी ठेवावेत. धारेवर आणि कोपऱ्यांवर थर पातळ असतो, तेथे आधी टेप लावावी.

नव्या दुकानाला सुरुवातीस दोन मापांच्या प्लेटा आणि प्रत्येक मापाची कडक, मध्यम, मऊ अशी दोन-दोन पॅडे पुरतात. मशीनच्या मानाने हा खर्च किरकोळ आहे.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. ज्या ओरखड्यात नख अडकते, तो पॉलिशने सहसा पुरता जात नाही. हे गिऱ्हाइकाला काम घेण्याआधीच सांगावे. जो कारागीर "एवढे होईल, एवढे होणार नाही" असे स्पष्ट बोलतो, त्याच्याकडे गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येते, आणि धंदा उभा राहतो तो याच गिऱ्हाइकावर.