तापलेले एंजिन : कारणाचा शोध

विद्यार्थिमित्रहो, हाटकेशहून काशीमिऱ्यामार्गे ठाण्यास निघालेला डिझेल पिकअप ट्रक, मागे भरलेला ट्रेलर ओढीत गायमुखचा घाट चढू लागतो आणि उष्णतामापकाचा काटा तांबड्या रेघेकडे सरकतो. दोष कोठे आहे?

इंधनाच्या उष्णतेपैकी सुमारे तृतीयांश उष्णता रेडिएटरच्या पाण्यास वाहून न्यावी लागते. चढणीवर ती वाढते. उलट वेग मंदावल्याने वारा घटतो. म्हणून काटा केवळ ओझ्यासह चढणीवरच सरकत असेल, तर धुळीने बुजलेली रेडिएटरची जाळी व पंखा प्रथम पाहावा. रिकाम्या गाडीत, सपाटीवरही सरकत असेल, तर गळती, थर्मोस्टॅट व पाण्याचा पंप तपासावा. पाणी घटून त्यात सतत बुडबुडे येत असतील, तर हेड गॅस्केटचा संशय धरावा.

मात्र पालकहो, आम्ही आग्रहाने सांगतो की, एंजिन निवेपर्यंत रेडिएटरचे झाकण कोणीही उघडू नये. दाबाखालील पाणी १०० अंशांपलीकडेही उकळत नाही. झाकण निघताच ते एकदम उसळून हात-तोंड भाजते.

काटा केव्हा सरकला हे ध्यानात ठेवणारा चालक मिस्त्रीचे अर्धे काम करतो. अंदाजाने सुटे भाग बदलणारा केवळ पैसा दवडतो.